वाचनालयाची सूची आणि ब्राउझरमधली लायब्ररी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

३ जून २०२४, सोमवार

सकाळच्या एसटीने खंबाटकी ओलांडून दहाच्या सुमारास वाचनालयात पोचलो. सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय, दाखल रजिस्टरात तीस हजारांवर पुस्तके. संकेतस्थळ आहे. बारा वर्षांपूर्वी एका सभासदाने पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून हौसेने बांधून दिले होते. तो आता परदेशात असतो. मोबाइलवर सूचीतला शोध चालत नाही अशी तक्रार होती, म्हणून मला बोलावले.

कार्यवाह सर, ग्रंथपाल मॅडम आणि मी देवघेवीच्या टेबलाशी बसलो. मॅडमनी स्वतःचा फोन काढला, शोधाच्या चौकटीत ‘इतिहास’ लिहिले. खाली काहीच आले नाही. तोच शब्द टेबलावरच्या संगणकावर लिहिला, तर लगेच भली मोठी यादी उघडली. “लोक फोनवर बघतात आणि पुस्तक नाहीच म्हणून येत नाहीत. आणि ते असतं हो, समोरच्या कपाटात असतं,” मॅडम म्हणाल्या. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

काम चार पानांचे आहे: शोध, नवीन पुस्तकांची यादी, सभासदाचे खाते, आणि कर्मचाऱ्यांसाठी देवघेवीचे पान. होस्टिंग वार्षिक भाड्याचे, सामायिक. त्यावर पीएचपी चालते, नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) चालत नाही. टेबलावरचा संगणक विंडोज ७ चा, त्यात क्रोम १०९. त्या विंडोजसाठी क्रोमची हीच शेवटची आवृत्ती.

या नोंदींत ‘लायब्ररी’ म्हणजे कोडची, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला, आपल्या पानात वापरता येणारा तयार कोड. पुस्तकांच्या संस्थेला वाचनालयच म्हणेन, नाहीतर पुढे वाचताना गोंधळ होईल.

५ जून, बुधवार

जुना कोड उतरवून घेतला. पानाच्या डोक्यात आठ स्क्रिप्ट. जेक्वेरी ही पानातले भाग हलवणारी लायब्ररी, आवृत्ती १.७.२, मार्च २०१२ ची. एका स्लायडरबरोबर आलेली आणखी एक जुनी जेक्वेरी, म्हणजे त्याच पानावर दोन. तारीख निवडायचा प्लगइन, शब्द सुचवणारा प्लगइन, तारखा मराठीत दाखवण्यासाठी मोमेंट. जिथे तिथे ‘.लाइव्ह’ आणि ‘$.ब्राउझर’ या जुन्या आज्ञा, ज्या जेक्वेरी १.९ मध्येच काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे फाइल बदलून नवी आवृत्ती ठेवली की सगळे बंद पडते. केले, पडले.

फोन यूएसबीने जोडून शोधाच्या चौकटीचे मूळ दुखणे पाहिले. सुचवणारा प्लगइन कळ दाबल्याची घटना ऐकतो आणि कळीचा क्रमांक तपासतो. अँड्रॉइडवरचे कीबोर्ड बहुतेक अक्षरांना एकच क्रमांक पाठवतात, २२९. प्लगइनला वाटते की कुठली तरी खास कळ दाबली, आणि तो गप्प बसतो. प्लगइन लिहिला गेला तेव्हा त्याच्या लेखकासमोर टेबलावरचा कीबोर्ड होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

‘इनपुट’ ही घटना ऐकली की प्रश्न सुटतो, एका ओळीची दुरुस्ती. ती आजच करून चढवली, मॅडमना फोन केला. त्यांनी तिथल्या तिथे करून पाहिले आणि “आलं की!” म्हणाल्या.

मग नवी लायब्ररी कशाला? रात्री हाच विचार करत होतो. जेक्वेरीच्या १.२ पासून ३.५.० च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांत एक भोक आहे. बाहेरून आलेला मजकूर पानात घालताना त्यातून स्क्रिप्ट घुसू शकते, ते एप्रिल २०२० मध्ये बुजवले गेले. आमच्या सूचीत वाचकांचे अभिप्राय थेट पानात येतात. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्याच संकेतस्थळावर आहेत. हे असेच सोडून देणे मला पटत नाही.

८ जून, शनिवार

निवड कशावर करायची ते आधी लिहून ठेवतो. नाहीतर जे आवडते तेच निवडून नंतर कारणे जुळवली जातात, माझ्याकडून हे पूर्वी झाले आहे.

पहिली गोष्ट मराठी टाइप करणे. शोधाची चौकट हा या संकेतस्थळाचा जीव आहे, आणि तिथे येणारा वाचक अँड्रॉइडच्या कीबोर्डवर देवनागरीत लिहिणार. ज्या लायब्ररीत हे नीट होत नाही ती कितीही नावाजलेली असो, उपयोगाची नाही.

दुसरी, हे पुढे कोण सांभाळणार. मॅडमनी एमएस-सीआयटी केले आहे आणि त्या पीएचपीचे पान उघडून शब्द बदलतात. आधीच्या मुलाने त्यांना ते शिकवून ठेवले होते, आणि बारा वर्षे संकेतस्थळ त्यावरच टिकले. ते कौशल्य माझ्या कामामुळे वाया जाता कामा नये.

तिसरी, वय. वाचनालये शंभर-शंभर वर्षे चालतात. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदाच १९६७ चा आहे. याउलट लायब्ऱ्यांपैकी अँग्युलरजेएसचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. पाच-सात वर्षांनी सगळे पुन्हा लिहायला या संस्थेकडे पैसे नसतील.

फाइलीचे वजनही पाहायचे, पण ते यानंतर.

११ जून, मंगळवार

जेक्वेरीच ठेवून फक्त ३.७.१ वर जावे का? धाकट्या सहकाऱ्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. तो कामाला लागला तेव्हा जेक्वेरी जुनी झाली होती.

मला तिच्याबद्दल आदर आहे. २००६ साली जॉन रेसिगने ती आणली तेव्हा एक साधे बटण सगळ्या ब्राउझरांत चालवणे हे मोठे काम असे. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये घटना ऐकायची पद्धत वेगळी, फायरफॉक्समध्ये वेगळी. सर्व्हरकडून माहिती आणायला एकीकडे ॲक्टिव्हएक्स, दुसरीकडे एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट. प्रोटोटाइप, मूटूल्स, डोजो, याहूची वाययूआय अशा बऱ्याच लायब्ऱ्या त्याच काळात हेच दुखणे निवारत होत्या. जेक्वेरीने ‘आधी पानातला भाग शोध, मग त्याला काय करायचे ते सांग’ ही एकच सवय लावली, आणि जे प्रोग्रामर नव्हते तेही पाने हलवू लागले. वाचनालयाचा तो सभासद त्यांच्यातलाच.

पण ज्या दुखण्यावरचे ते औषध होते ते दुखणे बरेचसे बरे झाले आहे. निवडकाने भाग शोधणे, वर्ग लावणे-काढणे, ‘फेच’ने माहिती आणणे हे आता ब्राउझर स्वतः करतो. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा पाठिंबा १५ जून २०२२ ला थांबला. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१८ मध्येच आपल्या पानांवरून जेक्वेरी काढली. जेक्वेरी मेलेली नाही, चौथ्या आवृत्तीची बीटा याच फेब्रुवारीत आली. पण नव्या पानासाठी तीस केबीची फाइल आणायची तर त्याला कारण हवे, आणि शोधाच्या पानावर मला ते सापडत नाही.

देवघेवीच्या पानाचे मात्र वेगळे आहे. ते नंतर.

१५ जून, शनिवार

सहकाऱ्याने दोन दिवसांत शोधाचे पान रिॲक्ट या लायब्ररीत करून आणले. दिसायला देखणे, वागायला चपळ. लेखक, विषय, भाषा अशा गाळण्या एकमेकींशी नीट बोलतात. कोड वाचायलाही छान, प्रत्येक तुकडा आपापल्या जागी. २०१३ साली फेसबुकने रिॲक्ट खुली केली तेव्हा जावास्क्रिप्टच्या आतच एचटीएमएल लिहायची कल्पना बऱ्याच जणांना खटकली होती, मलाही. आज त्याचा कोड वाचताना ती पद्धत का रुजली ते कळले. स्थिती बदला, पान आपोआप जुळते, हा विचार खरोखर मोलाचा आहे.

मग फोनवर, नेट मुद्दाम मंद करून पाहिले. रिॲक्ट आणि तिची जोडफाइल रिॲक्ट-डॉम मिळून, जीझिपने आवळल्यानंतर, पंचेचाळीस केबीच्या आसपास, वर आमचा कोड. हे काही अफाट नाही. पण स्क्रिप्ट येईपर्यंत पान कोरे राहते, आणि स्क्रिप्ट आलीच नाही तर कोरेच. सर्व्हरवर पान तयार करून पाठवायचे तर नोड हवा, तो आमच्याकडे नाही.

फोल्डर उघडून पाहिले. एका शोधाच्या पानासाठी दुसऱ्यांच्या तयार कोडची शेकडो पॅकेजे खाली उतरली आहेत. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली, ते आठवले. मॅडमना ‘प्रवेश शुल्क’ऐवजी ‘अनामत’ असा एक शब्द बदलायचा तर काय करावे लागेल? नोड बसवा, पॅकेजे उतरवा, सगळे जुळवून ब्राउझरला चालेल अशा फाइलीची बांधणी करा, फाइल चढवा. सहकारी म्हणाला, “दादा, ते आपण करून देऊ की.” तो मनापासून म्हणाला. पण ‘आपण’ म्हणजे किती वर्षे?

हेच काम एखाद्या नाट्यगृहाच्या आसननोंदणीचे असते तर मी रिॲक्ट घेतली असती.

१९ जून, बुधवार

आज व्ह्यू. मला ती मनापासून आवडते. एक स्क्रिप्ट टाकायची, बांधणीची गरज नाही, एचटीएमएल एचटीएमएलसारखेच राहते. जीझिपनंतर पन्नास केबीच्या आसपास, पण लिहिण्यातला साधेपणा मोठा.

शोधाची चौकट ‘व्ही-मॉडेल’ला, म्हणजे चौकटीतला मजकूर कोडशी जोडणाऱ्या व्ह्यूच्या सोयीला, बांधली. संगणकावर उत्तम. फोनवर ‘इतिहास’ लिहिले आणि पुन्हा तेच, काही नाही! स्पेस दाबल्यावर यादी एकदम आली. क्षणभर वाटले जुनीच फाइल उघडली आहे.

कारण शोधताना अर्धा दिवस गेला, पण गेलेला वेळ सत्कारणी लागला. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर लिहिताना शब्दाखाली रेघ येते. ती रेघ असेपर्यंत शब्द अजून ‘रचला जात आहे’ असे ब्राउझर समजतो. रचना सुरू झाल्याची, बदलल्याची, संपल्याची अशा तीन वेगळ्या घटना असतात. व्ही-मॉडेल रचना संपेपर्यंत थांबते. चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे, तिथे मधली अक्षरे म्हणजे अर्धवट उच्चार असतो. व्ह्यूच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे, आणि मधले बदलही हवे असतील तर इनपुट घटना स्वतः ऐका असा उपायही दिला आहे. उपाय केला, चालला.

पण मराठीत ‘इति’ हे ‘इतिहास’चे अर्धे रूप असले तरी ते खरे, वाचता येणारे, शोधता येणारे अक्षर आहे. आपण लिहितो तसतशी यादी गाळली जावी ही वाचकाची रास्त अपेक्षा. आणि मराठी लिहिणाऱ्याला रोज भेटणारी ही गोष्ट कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात नसते. तक्त्यात केबी असतात, पसंतीच्या ताऱ्यांची संख्या असते, दर सेकंदाला किती ओळी रंगवल्या ते असते. चौकटीत देवनागरी लिहून पाहिले का, असा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

रिॲक्टवर हाच प्रयोग परत केला. तिथे मधले बदल मिळतात. पण सहकाऱ्याने चौकटीतला मजकूर प्रत्येक अक्षरागणिक साफ करून पुन्हा चौकटीत घातला होता. रचना चालू असताना असे केले की कीबोर्डचा आणि पानाचा मेळ सुटतो, अक्षरे दोनदा उमटतात. नियम लिहून ठेवला: चौकटीत वाचकाने जे लिहिले त्याला हात लावायचा नाही. साफसफाई करायची ती प्रतीवर.

२२ जून, शनिवार

आजचे काम लायब्ररीचे नाही, पण निवडीशी जोडलेले आहे.

मॅडमनी तक्रारींची यादी पाठवली: ‘ॲटलास’ सापडत नाही, ‘डोंगरदऱ्या’ सापडत नाही. पुस्तके आहेत. डेटाबेसमधले कोड उघडून पाहिले.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ असे दोन कोड. काहींनी ‘ऍ’ वापरले, ते ०९०D. डोळ्याला तिन्ही जवळपास सारखी, संगणकाला तीन वेगळी अक्षरे. आणि ‘नॉर्मलाइझ’ हे ब्राउझरमधले साधन यांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती समतुल्य नाहीतच. ‘ऑ’चीही तीच कथा.

‘दऱ्या’मधला अर्धा र दोन रीतींनी साठवतात. एक, ‘ऱ’ला हलन्त लावून. दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. जुनी सूची आधी एका श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झाली आणि नंतर युनिकोडमध्ये बदलली गेली, त्यात दुसरी रीत आली. ऱ स्वतः एका कोडने किंवा र आणि नुक्ता अशा दोन कोडांनी येतो, तेवढे मात्र नॉर्मलाइझ सांधते.

म्हणून शोधासाठी वेगळा स्तंभ करायचा. त्यात शीर्षक आणि लेखक एकाच ठरावीक रूपात. वाचकाने लिहिलेला शब्दही सर्व्हरवर त्याच चाळणीतून काढायचा. चाळणी एकच, एकाच जागी, पीएचपीत. ब्राउझरमध्ये वेगळी आणि सर्व्हरवर वेगळी ठेवली तर वर्षभरात दोन्ही वेगळ्या वाटांना जातील.

आणि हे लिहिताच लक्षात आले की शोधाचे खरे काम सगळे सर्व्हरवरच आहे. तीस हजार पुस्तके ब्राउझरमध्ये आणायची नाहीतच. मग ब्राउझरकडे उरते काय? चौकटीतला शब्द पाठवणे आणि आलेली यादी जागेवर ठेवणे. एवढ्यासाठी स्थिती सांभाळणारी मोठी लायब्ररी आपण कशाला पारखत आहोत?

२६ जून, बुधवार

काल रात्रीपासून पॉलीफिल.आयओची बातमी फिरते आहे. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी ही स्क्रिप्ट लाखावर संकेतस्थळे थेट त्या पत्त्यावरून घेत होती. फेब्रुवारीत डोमेन दुसऱ्याच्या मालकीचे झाले, आणि आता तीच स्क्रिप्ट मोबाइलवरच्या वाचकांना सट्ट्याच्या संकेतस्थळांकडे वळवते आहे. मूळ लेखकाने फेब्रुवारीतच सांगितले होते की ती काढून टाका.

आमच्या पानावर ती नाही, सकाळी उठून पहिले तेच तपासले. पण जेक्वेरी बाहेरच्या पत्त्यावरून येते, तीही खुणेची पडताळणी न लावता. ‘इंटिग्रिटी’ गुणधर्म दिला असता तर फाइल बदलताच ब्राउझरने ती नाकारली असती.

ठरले: जी लायब्ररी घेऊ ती आमच्याच सर्व्हरवर, आमच्याच फोल्डरात. बाहेरच्या पत्त्याची एक जुनी सबब असायची की वाचकाच्या ब्राउझरमध्ये ती फाइल आधीच साठलेली असेल. तेही आता खरे नाही. क्रोमने २०२० च्या ऑक्टोबरपासून साठवण प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी केली, सफारीने त्याच्याही आधी.

४ जुलै, गुरुवार

आज एचटीएमएक्स ही लायब्ररी. दुसरी आवृत्ती १७ जूनला आली, तीच घेतली. इंटरनेट एक्सप्लोररचा पाठिंबा तिने सोडला आहे, आमचे काही अडत नाही. एकच फाइल, जीझिपनंतर सोळा केबीच्या आसपास, बांधणी नाही.

तिचा विचार रिॲक्टच्या उलटा आहे. सर्व्हरने तयार एचटीएमएल पाठवायचे, ब्राउझरने ते सांगितलेल्या जागी ठेवायचे. काय करायचे ते टॅगच्या गुणधर्मातच लिहिलेले: अक्षर बदलले की ४०० मिलिसेकंद थांब, मग या पत्त्याला विचार, उत्तर या यादीत ठेव. ती इनपुट घटना ऐकते, त्यामुळे रचना चालू असतानाही बदल पोचतो. मॅडमच्या फोनसारखाच एक फोन मागून आणला होता. ‘इ’, ‘इति’, ‘इतिहा’… यादी गाळली जात गेली. दोघेही टेबलाशी उभे राहून पाहत होतो.

लगेच एक दोष दिसला. मंद नेटवर ‘शि’ची यादी ‘शिवकाल’च्या यादीनंतर येऊन तिच्यावर बसली. आधीची मागणी रद्द करून नवी पुढे पाठवायची सोय लायब्ररीत आहे, ‘एचएक्स-सिंक’. एक गुणधर्म वाढवला.

सगळ्यात समाधानाची गोष्ट अशी की खाली साधा फॉर्मच आहे. लायब्ररीची फाइल नाव बदलून मुद्दाम गायब केली. चौकटीत शब्द लिहून ‘शोधा’ दाबले, पूर्ण पान आले, यादी आली. हळू, पण आली. पुस्तक कपाटात असताना ते नाही असे आमचे पान आता सांगणार नाही.

९ जुलै, मंगळवार

मागे जाण्याच्या बटणाने दोन दिवस खाल्ले. यादीतून पुस्तकावर गेलो, मागे आलो, की शीर्षपट्टी, पार्श्वरंग सगळे नाहीसे आणि नुसती यादी, उघडीबोडकी.

एकाच पत्त्यावर सर्व्हर दोन वेगळी उत्तरे देतो, लायब्ररीने विचारले तर तुकडा, ब्राउझरने विचारले तर पूर्ण पान. ब्राउझरने तुकडाच साठवून ठेवला आणि मागे येताना तोच दाखवला. सर्व्हरच्या उत्तरात ‘व्हेरी’ या शीर्षात एचएक्स-रिक्वेस्टचे नाव घातले की ब्राउझरला कळते की ही उत्तरे वेगवेगळी साठवायची. दस्तऐवजात हे दिलेले आहे. माझा तो भाग वाचायचा राहिला होता.

सहकारी म्हणाला की रिॲक्टमध्ये हे झाले नसते. बरोबर आहे, तिथे दुसरे काही झाले असते. दोन्ही लिहून ठेवले.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. वाचनालय बंद, इथेही फार काम नाही. तेवढ्यात मोमेंट काढली. तिच्या कर्त्यांनीच २०२० पासून नवी भर थांबवली आहे. ब्राउझरमधले ‘इंटल’ महिन्याचे नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत देते, ‘एमआर-आयएन’ एवढे सांगितले की पुरे. मोठ्या संख्येला स्वल्पविरामही आपल्याकडच्या रीतीने, १२,३४,५६७. विंडोज ७ वरच्या क्रोमवरही चालले.

पानाला भाषा ‘एमआर’ अशी लावली नव्हती, तीही लावली. फॉन्टला जाण असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

२० जुलै, शनिवार

वाचनालयात बैठक. कार्यवाह सर, मॅडम, कार्यकारिणीचे दोघे. तीन नमुने तीन फोनांवर उघडून दिले, कुठला कशात आहे ते सांगितले नाही. ज्येष्ठ सदस्यांनी रिॲक्टचा सगळ्यात सुंदर आहे असे सांगितले, आणि ते खरे होते.

मग सरांनी विचारले, “तुम्ही आज आहात. उद्या नसलात तर यातलं कुठलं आमच्या मॅडमना उघडता येईल?” मी दोन फाइली छापून नेल्या होत्या. रिॲक्टची मॅडमनी पाहिली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे पीएचपीच आहे. ही यादी, हा फॉर्म. हे एवढं एचएक्स म्हणजे काय तेवढं सांगा.” दहा मिनिटांत सांगून झाले.

निर्णय: वाचकांच्या तीन पानांवर एचटीएमएक्स, फाइल आपल्या फोल्डरात, आवृत्तीचा क्रमांक फाइलीच्या नावात. उघडझाप करणारा मेनू, गाळण्यांचे पान वगैरेसाठी साधी जावास्क्रिप्ट, एका फाइलीत, टिपणे मराठीत. अल्पाइन या छोट्या लायब्ररीचाही विचार केला होता. चांगली आहे, पण साठ-सत्तर ओळींच्या कामासाठी तेवढ्याच वजनाची आणखी एक लायब्ररी शिकवणे मॅडमवर लादायचे नाही.

सहकारी परतीच्या गाडीत शिरवळपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, की रिॲक्टचा नमुना करताना गाळण्यांची जी मांडणी सुचली तीच सर्व्हरच्या पानात घेऊ. घेणार आहोत, ती मांडणी त्याचीच राहील.

२५ जुलै, गुरुवार

पुण्यात पाणी. खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्याकडच्या घरांत शिरले. सहकारी नातेवाइकांचे सामान वर चढवायला गेला आहे. काम बंद.

२ ऑगस्ट, शुक्रवार

देवघेवीचे पान. इथे जेक्वेरी ठेवतो आहे.

हे पान दिवसभर एकाच संगणकावर उघडे असते, दोनच माणसे वापरतात, आणि त्यांची बोटे त्याला सरावलेली आहेत. दाखल क्रमांक, टॅब, सभासद क्रमांक, एंटर. संध्याकाळच्या रांगेत मॅडम पडद्याकडे न बघता नोंद करतात. ते पाडून नवे बांधले तर त्यांना काही मिळणार नाही, रांग मात्र लांबेल.

म्हणून आवृत्ती तेवढी वर नेली, ती दोन उड्यांत. आधी १.१२ आणि तिच्यासोबत ‘मायग्रेट’ची १.४.१, जी जुन्या पद्धती चालू ठेवते आणि कुठे काय बदलायला हवे ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे इशाऱ्यांच्या खिडकीत, सांगते. ‘.लाइव्ह’चे ‘.ऑन’ केले, ‘$.ब्राउझर’ची तपासणी काढूनच टाकली. मग ३.७.१ आणि तिसऱ्या पिढीची मायग्रेट. ‘.साइझ’ गेले, पान भरल्याची ‘.लोड’ ही छोटी रीत गेली. एकेक इशारा मिटवत संध्याकाळी कन्सोल शांत झाला. मायग्रेट काढली, पान चालू राहिले. दुसरी जुनी जेक्वेरी स्लायडरसकट हटवली, स्लायडर कोणी पाहत नव्हते.

१४ ऑगस्ट, बुधवार

दुपारी नवे संकेतस्थळ चढवले. ‘ॲटलास’ तिन्ही रीतींनी लिहून पाहिला, तिन्हीला तोच दाखल क्रमांक. ‘डोंगरदऱ्या’ही आला. निकालांची संख्या आता दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनालाही कळते.

चार वाजता मॅडमचा फोन. घाबरलो, वाटले काही पडले. त्यांनी नवीन पुस्तकांच्या पानावर ‘बालविभाग’ अशी एक गाळणी स्वतः वाढवली होती. शेजारच्या गाळणीची ओळ पाहून लिहिली, शब्द बदलला. चालली, पण यादीऐवजी सगळे पानच पानात येत होते. मी म्हटले, “लक्ष्याच्या गुणधर्मात यादीचं नाव लिहिलंत का?” कळांचा आवाज आला, मग थोडा वेळ काही नाही, मग मागून मुलांचा आवाज.

“आली,” त्या म्हणाल्या. “थांबा, दोघं जण इथे उभेच आहेत, त्यांना पुस्तक देते.”

उरलेले: उद्या सुट्टी. सोमवारी दिवाळी अंकांचा विभाग. जुन्या अंकांवर वर्ष कधी शकात, कधी सनात आहे. दोन्ही शोधता यायला हवे.